नाण्याच्या कडेवरची तार

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १९०७ साली वीस डॉलरचे एक सोन्याचे नाणे पडले. व्यास चौतीस मिलिमीटर, वजन साडेतेहतीस ग्रॅमला थोडे कमी, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ तीन तोळे. या नाण्याच्या कडेवरून हलकेच बोट फिरवले तर पुष्कळ नगांवर एक बारीक, धारदार उंचवटा हाताला लागतो. सतारीची पोलादी तार कुणीतरी कडेवर वाटोळी बसवावी, तसा. टांकसाळीच्या लेखी तो दोष होता, आणि तो काढून टाकण्यासाठी तिथल्या लोकांना कित्येक आठवडे खटपट करावी लागली. असली उंच उठावाची नाणी सुमारे १२,३६७ पडली. त्यांतल्या बहुतेकांवर ही तार आहे. खटपट यशस्वी झाल्यावर जी पडली त्यांची कड सपाट आहे. त्यामुळे आज संग्राहकांच्या बाजारात निर्दोष नाणे सदोष नाण्यापेक्षा दुर्मिळ, असा उलटा प्रकार झालेला आहे.

ज्याच्या हातून ही आकृती उतरली त्या ऑगस्टस सेंट-गॉडन्सने ना ती तार पाहिली, ना सपाट कड. लोकांच्या हाती जायचे पहिले नाणे बाहेर पडले तेव्हा तो या जगात नव्हता.

सेंट-गॉडन्सचा जन्म १ मार्च १८४८ रोजी आयर्लंडमध्ये डब्लिन शहरी झाला. बाप फ्रेंच, दक्षिणेकडच्या आस्पे गावचा, धंद्याने जोडे शिवणारा, आई आयरिश. आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडून भयंकर दुष्काळ पडलेला. मूल सहा महिन्यांचे असतानाच हे कुटुंब जहाजात बसून अमेरिकेला निघाले आणि न्यूयॉर्कला स्थायिक झाले. बापाचे दुकान बरे चालत असे. फ्रेंच तऱ्हेचे जोडे म्हणून श्रीमंत गिऱ्हाइके येत. पण बर्नार्डरावांना कातड्यापेक्षा गप्पांत आणि नाना प्रकारच्या सिद्धांतांत रस अधिक, म्हणून पैसा बेताचाच राहिला. तेरा वर्षांचा झाल्यावर मुलाची शाळा सुटली आणि बापाने त्याला लुई आव्हे नावाच्या कारागिराच्या हाताखाली घातले.

हा आव्हे दगडावर कॅमिओ कोरीत असे. कॅमिओ म्हणजे थरांच्या दगडावर किंवा शिंपल्यावर कोरलेली लहान उठावाची आकृती. वरचा थर फिका, खालचा गडद. वरचा थर कोरून मुखडा काढायचा आणि खालचा पार्श्वभूमीला ठेवायचा. पुरुषांच्या गळपट्ट्याच्या पिनांवर तेव्हा सिंहाची, घोड्याची मुंडकी बसवण्याची फॅशन होती. सगळे काम नखाएवढ्या जागेत. नाकाचा शेंडा आणि गालाची कड यांत केसाएवढे अंतर, आणि त्या केसाएवढ्या अंतरातच माणूस ओळखू यायला हवा. आव्हे मोठा तापट. कष्ट काढून घेई, रागे भरे, आणि एके दिवशी दुपारच्या फराळाचे कण जमिनीवर सांडले एवढ्यावरून त्याने या पोराला हाकलून दिले. मागाहून पस्तावून तो बोलवायलाही आला, पण पोरगा गेला नाही. पुढे ल ब्रेतोन नावाच्या शिंपल्यावर कोरणाऱ्या दुसऱ्या उस्तादाकडे तो लागला. हा भला माणूस होता. दिवसा कॅमिओ आणि रात्री कूपर युनियनच्या चित्रकलेच्या वर्गात हजेरी, अशी त्याची तालीम चालली. कोवळ्या वयात बोटांना जे वळण लागते ते पुढे सुटत नाही, हे गाणेबजावणे शिकवणाऱ्याला निराळे सांगायला नको. सेंट-गॉडन्सचे पुतळे पुढे वीस-वीस फुटांच्या चौथऱ्यांवर चढले, पण त्याच्या बोटांत तो नखाएवढा दगड शेवटपर्यंत राहिला.

१८६७ साली तो पॅरिसला गेला आणि पुढच्या वर्षी तिथल्या सरकारी कलाशाळेत त्याला प्रवेश मिळाला. पोटासाठी कॅमिओ कोरणे चालूच होते. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटल्यावर तो रोमला गेला. तिथे त्याची ऑगस्टा होमर या अमेरिकन चित्रकर्तीशी ओळख झाली आणि १८७७ साली दोघांचे लग्न झाले. या सगळ्या वर्षांत ग्रीक आणि इटालियन जुने काम त्याने डोळे भरून पाहिले, एवढे सांगितले म्हणजे पुरे. कीर्ती आली ती १८८१ साली, न्यूयॉर्कच्या मॅडिसन चौकात आरमारी सेनापती फॅरागट याचा पुतळा उघडला तेव्हा. समोरून वारा येतो आहे, कोटाची टोके उडताहेत, आणि माणूस जहाजावर उभा असल्यासारखा पाय रोवून उभा आहे. असा पुतळा अमेरिकेने तोवर पाहिलेला नव्हता.

त्याच्या सगळ्या कामांत मला मोठे वाटते ते बॉस्टनचे शॉ-स्मारक. अमेरिकेतल्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या राज्यांनी काळ्या शिपायांच्या ज्या पलटणी उभारल्या, त्यांत मॅसॅच्युसेट्सची चोपन्नावी पलटण प्रसिद्ध. तिचा तरुण गोरा कर्नल रॉबर्ट शॉ १८ जुलै १८६३ रोजी फोर्ट वॅग्नरवरच्या हल्ल्यात पडला. बरोबर त्याचे कितीतरी शिपाईही पडले. शॉचे स्मारक करायचे काम सेंट-गॉडन्सकडे १८८४ साली आले. वर्षा-दोन वर्षांत संपेल असा सगळ्यांचा अंदाज. लागली चौदा. मूळ कल्पना एका घोडेस्वाराची होती. पण त्याच्या मागून चालणारे शिपाई सेंट-गॉडन्सच्या डोळ्यांपुढून हलेनात. रस्त्यावरून काळी माणसे बोलावून, त्यांना समोर बसवून त्याने चाळीसच्या आसपास मस्तके मातीत घडवली, आणि त्यांतली निवडून ब्राँझच्या फळीत बसवली. एकही चेहरा दुसऱ्यासारखा नाही. त्या काळी काळ्या माणसाचे चित्र म्हणजे थट्टेचा विषय. इथे मात्र तो खांद्यावर बंदूक घेऊन मरणाकडे चालला आहे आणि त्याचे नाक, दाढी, थकवा सगळे त्याचे स्वतःचे आहे. समितीची माणसे चरफडली, पैशाचे हिशेब विस्कटले, तरी हा मनुष्य झालेले काम मोडून पुन्हा करीत राहिला. ३१ मे १८९७ रोजी स्मारक उघडले तेव्हा त्या पलटणीतले जे म्हातारे उरले होते ते त्यापुढून चालत गेले.

हे स्मारक पाहणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट येते. घोडा आणि स्वार जवळजवळ पूर्ण पुतळ्यासारखे फळीबाहेर आलेले आहेत. मागचे शिपाई थोडे कमी. त्यांच्यामागचे आणखी कमी. आणि वर तरंगणारी देवदूतासारखी स्त्री तर फळीवर नुसता श्वास टाकावा इतकी पुसट. उठावाची एवढी श्रुती-श्रुतीची जाण त्या काळात दुसऱ्या अमेरिकनाला नव्हती. कादंबरीकार स्टीव्हन्सन आजारी अंथरुणात टेकून बसला असतानाचे त्याने केलेले वर्तुळाकार चित्र तर अगदी कमी उठावाचे आहे आणि फार सुंदर आहे. म्हणजे कमी उठावात काम करणे त्याला जमत नव्हते, असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. पुढच्या हकिकतीसाठी हे लक्षात ठेवावे.

टांकसाळीशी त्याचे जुने वाकडे होते. तिथला मुख्य नक्षीकार चार्ल्स बार्बर हा १८४० साली लंडनला जन्मलेला. त्याचा बाप विल्यम हाही त्याच टांकसाळीत मुख्य नक्षीकार होता. बाप वारल्यावर १८८० मध्ये ती जागा मुलाला मिळाली आणि १९१७ साली मरेपर्यंत त्याने ती सोडली नाही. दरबारी नोकरीची रीत ज्यांच्या घरांत मुरलेली आहे त्यांना हा प्रकार नवा नाही. बापाची जागा मुलाला मिळते तेव्हा जागेबरोबर हत्यारे मिळतात, हात मिळतो, आणि बाहेरचा कुणी उंबऱ्यात आला की कपाळावर चढणारी आठीही मिळते. १८९१ साली नवी चांदीची नाणी काढण्यासाठी चित्रे मागवली होती. परीक्षकांत सेंट-गॉडन्सही होता आणि बार्बरही. आलेले एकही चित्र पसंत पडले नाही. मग काम बार्बरनेच केले. त्यानंतर शिकागोच्या मोठ्या जागतिक प्रदर्शनाचे पदक करायचे ठरले. सेंट-गॉडन्सने मागच्या बाजूला एक उघडा मुलगा काढला, त्यावर सभ्य लोकांनी गहजब केला, आणि शेवटी पुढची बाजू सेंट-गॉडन्सची नि मागची बार्बरची असे एक विजोड पदक बाहेर पडले. त्यानंतर टांकसाळीचे तोंड पाहायचे नाही, असे याने जवळजवळ ठरवूनच टाकले होते.

ते मोडले राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने. रूझवेल्टला स्वतःच्या देशाची नाणी कुरूप वाटत, आणि जे वाटेल ते बोलल्यावाचून त्याला राहवत नसे. २७ डिसेंबर १९०४ रोजी त्याने अर्थमंत्र्याला पत्र लिहून नाण्यांचे काम सेंट-गॉडन्सला देता येईल का, अशी विचारणा केली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत त्याने अलेक्झांडरच्या काळची ग्रीक नाणी पाहिली होती. त्यांवरच्या आकृती चांगल्या गुबगुबीत उठावाच्या. तसे आपल्याकडे का होऊ नये, हा त्याचा ध्यास. १९०५ च्या अखेरीस दोघांत त्यावर पत्रापत्री झाली. सेंट-गॉडन्सच्या मनातही नेमके हेच होते. टांकसाळ आकाशपाताळ एक करील हेही त्याला ठाऊक होते.

पण आता त्याच्याजवळ वेळ नव्हता. १९०० साली पॅरिसमध्ये असतानाच पोटात कर्करोग असल्याचे निघाले. बॉस्टनला येऊन शस्त्रक्रिया झाली, थोडा आराम पडला, पण रोग गेला नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये कॉर्निश येथे त्याचे घर होते. बापाच्या गावावरून त्याचे नाव त्याने आस्पे ठेवले होते. १९०४ साली तिथल्या चित्रशाळेला आग लागून कागदपत्रे, चित्रे, अर्धवट कामे जळाली. अशा माणसाने आजारपणात हे नाणे हाती घेतले. एका बाजूला स्वातंत्र्यदेवी हातात मशाल आणि ऑलिव्हची डहाळी घेऊन सरळ आपल्याकडे चालत येते आहे. दुसऱ्या बाजूला उगवत्या सूर्यावरून गरुड उडतो आहे. दहा डॉलरच्या नाण्यावर देवीचे मस्तक काढले, आणि रूझवेल्टच्या हट्टापायी तिच्या डोक्यावर तद्देशीय इंडियन लोकांचा पिसांचा टोप चढवला. तो टोप मला काही पटत नाही. पण यजमानाची फर्माईश म्हटली की गवयाला नावडता रागही गावा लागतो.

सेंट-गॉडन्सच्या हातात आता फार बळ नव्हते. पुष्कळसे काम त्याचा साहाय्यक हेन्री हेरिंग याने त्याच्या सांगण्यावरून केले, आणि फिलाडेल्फियाच्या वाऱ्याही त्यानेच केल्या. टांकसाळीची अडचण खोटी नव्हती. हातोड्याने नाणी पाडीत तो काळ निराळा. आपल्याकडच्या जुन्या रुपयांत ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून टांकसाळीचे नाव कित्येकदा चकतीच्या बाहेर राहून जाई, आणि त्याला चूक म्हणावे असे कुणाच्या मनातही येत नसे. यंत्राच्या नाण्याचे तसे नाही. एका दाबात दोन्ही बाजू उठल्या पाहिजेत आणि दर नाणे मागच्यासारखेच निघाले पाहिजे. उठाव जितका उंच, तितके सोने ठशाच्या खोल भागात ढकलावे लागते. ते एका दाबात जात नाही. एकदा दाबले की सोने घट्ट होते. मग ते तापवून नरम करायचे आणि पुन्हा दाबायचे.

१९०७ च्या आरंभी पहिल्या नमुन्यावरून नाणी पाडून पाहिली. पदके करायच्या पाणदाबाच्या यंत्रात, १७२ टनांच्या दाबाखाली, एकेक नाणे नऊपर्यंत वेळा दाबावे लागले तेव्हा कुठे देवीचे सगळे अंग उठले. अशी वीसएक नाणी निघाली. ती पाहणारे लोक आजही बोलायचे थांबतात, इतकी ती देखणी आहेत. पण देशाच्या बँका भरायच्या तर एकेका नाण्यावर नऊ वेळा दाब देऊन भागणार नव्हते. बार्बर हेच म्हणत होता. त्याला खलनायक करून टाकणे सोपे आहे, आणि सेंट-गॉडन्सच्या भक्तांनी ते केलेही आहे. बार्बर खडूस होता, मत्सरीही असेल. पण यंत्राबद्दल तो जे सांगत होता त्यात एक अक्षर खोटे नव्हते. नाणे हे शिल्प असले तरी ते खिशात झिजायचे, गल्ल्यात दुसऱ्या नाण्यावर चढायचे, आणि लाखांनी पडायचे असते.

आणखी एक कटकट कडेची. नाण्याच्या जाडीवर उभारीची अक्षरे आणि तारे असावेत, असे ठरले होते. साधे नाणे पाडताना चकतीभोवती अखंड पोलादी कडे असते. नाणे पडले की वर उचलून काढतात. अक्षरे उभारीची असली म्हणजे ती कड्यात रुततात आणि नाणे बाहेर निघत नाही. म्हणून कडे तीन तुकड्यांचे केले. दाबताना तुकडे एकत्र, काढताना वेगळे. आता अवजड दाबाखाली सोने बाजूला पळते, आणि ठसा नि कडे यांच्यामध्ये केसाएवढी फट मिळाली तरी त्यात वर चढते. हीच ती तार. ती धारदार असते, हाताळताना तुटते, आणि तुटली की तेवढे सोने गेले. जे नाणे वजनावर मोजले जाते त्याच्या बाबतीत हा दोष किरकोळ म्हणता येत नाही.

ऑगस्टस सेंट-गॉडन्स ३ ऑगस्ट १९०७ रोजी कॉर्निशला वारला. नाण्याचा वाद अर्ध्यावर होता.

मग रूझवेल्टने तो आपल्या अंगावर घेतला. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये टांकसाळींचा प्रमुख म्हणून फ्रँक लीच आला. हा गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोला असताना १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीतून त्याने आणि त्याच्या माणसांनी तिथली टांकसाळ वाचवली होती. त्याला बोलावून राष्ट्राध्यक्षाने मला ही नाणी पाहिजेत म्हणजे पाहिजेत असे बजावले. उठाव थोडा कमी केलेल्या दुसऱ्या नमुन्यावरून, तीन-तीन दाबांनी, पदकांच्याच यंत्रावर नाणी पडू लागली. आरंभी सांगितलेली तारवाली नाणी ती हीच. डिसेंबरात यंत्र नीट जुळवल्यावर तार नाहीशी झाली. दहा डॉलरच्या नाण्याचीही तीच गत. पहिली पाचशे तारेच्या कडेची निघाली. मग वळवलेल्या कडेची सुमारे ३१,५०० पाडली, आणि तीही मनासारखी नाहीत म्हणून पन्नासएक ठेवून बाकी सगळी वितळवून टाकली.

अखेर बार्बरने आकृती सपाट केली, सालाचे रोमन आकडे काढून साधे घातले, आणि एका दाबात नाणे पडू लागले. १९०७ संपण्यापूर्वी असली ३,६१,६६७ पडली. देवी तीच, गरुड तोच. पण पहिले नाणे पाहिलेल्या माणसाला हे ओले फडके फिरवलेल्या पाटीसारखे दिसते. देवावर आमचा भरवसा, या अर्थाचे वचन नव्या नाण्यावर नव्हते. देवाचे नाव पैशावर घालणे रूझवेल्टला देवाची विटंबना वाटे. लोकांना मात्र ते नाव काढणेच विटंबना वाटली. आरडाओरडा झाला आणि १८ मे १९०८ च्या कायद्याने वचन परत आले.

एवढी दक्षता घेऊनही यंत्र आपला खोडसाळपणा सोडीत नाही. नाणे पाडायचा ठसा उभारीच्या मूळ पोलादी नमुन्यावर दाबून बनवतात, आणि तोही एकापेक्षा जास्त वेळा दाबावा लागतो. कुठला तरी एक ठसा एकदा १९०८ च्या नमुन्याखाली गेला आणि पुढच्या वेळी १९०९ च्या. परिणामी १९०९ साली फिलाडेल्फियात पडलेल्या वीस डॉलरच्या कित्येक नाण्यांवर नवाच्या पोटात आठ दिसतो. सेंट-गॉडन्सची ही आकृती १९३३ पर्यंत चालली. तेवढ्या वर्षांत आकड्यावर आकडा चढण्याचा प्रकार हा एवढाच. भिंगाखाली धरले तर आठाचा डावा पोट-भाग नवाच्या मागून डोकावतो. बँकेच्या कारकुनाने ते नाणे कितीदा हाताळले असेल आणि त्याला काही दिसले नसेल.

२००९ साली अमेरिकेच्या टांकसाळीने सेंट-गॉडन्सचा तो पहिला उंच उठावाचा नमुना पुन्हा काढला. त्याच्या मूळ प्लॅस्टरच्या आकृतीवरून संगणकाने मोजमाप घेऊन ठसे केले. चौतीस मिलिमीटरच्या रुंदीत अजूनही ते साधेना, म्हणून नाणे सत्तावीस मिलिमीटरचे आणि चार मिलिमीटर जाड केले. सोने चोवीस कॅरटचे, म्हणजे जुन्यापेक्षा पुष्कळ मऊ, आणि साल रोमन आकड्यांत. ते चलनासाठी नव्हते. संग्राहकांनी विकत घेतले. त्याच्या कडेवर तार नाही. कॉर्निशच्या घराशेजारच्या हिरवळीवर संगमरवरी खांबांचे एक छोटे मंदिर आहे. १९०५ साली त्याच्या शेजारच्या कलावंतांनी त्याच्या सन्मानार्थ एक नाट्यप्रयोग केला होता, त्यातल्या लाकडी-प्लॅस्टरच्या देखाव्यावरून ते मागाहून दगडात बांधले. त्याची रक्षा तिथे ठेवलेली आहे.